गल्ल्यातले पाचशे आणि खोबरेल तेलाची बाटली

समई (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले.

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, १९८४ साली टाकलं. आता मी आणि मिस्टर बघतो.

दीड महिन्यापूर्वी आमच्याकडे कामाला असलेल्या मुलानं गल्ल्यातून ५०० ची नोट काढली. १९ वर्षांचा पोरगा, दीड वर्ष आमच्याकडे होता. कॅमेऱ्यात दिसलं. त्याच संध्याकाळी मी त्याला "उद्यापासून येऊ नकोस" म्हटलं. आरडाओरडा केला नाही, चारचौघांत बोलले नाही, पण काढलं.

आता दुसरी गोष्ट. गावातले एक गुरुजी आहेत, ७८ वर्षांचे. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले, माझ्या मिस्टरांनाही. दर गुरुवारी येतात. यादी सुवाच्य अक्षरात चिठ्ठीवर लिहून आणलेली असते. पैसे मोजून देतात, एक रुपया इकडे तिकडे नाही. आणि निघताना काउंटरवरच्या बरणीशेजारची खोबरेल तेलाची छोटी बाटली उचलून सदऱ्याच्या खिशात टाकतात. पहिल्यांदा वाटलं, सांगायला विसरले असतील. मग लक्ष ठेवलं. सलग ९ गुरुवार, ९ बाटल्या. घरी काही कमी नाही. पेन्शन आहे, मुलगी पुण्याला चांगल्या नोकरीत आहे.

मिस्टर म्हणतात, वीस-बावीस रुपयांची बाटली, कशाला मनाला लावून घेतेस. मला बाटलीचं काही नाही हो. एका पोराला मी एका संध्याकाळीत घालवला आणि गुरुजींना ९ आठवडे "या, बसा, पाणी घ्या" म्हणतेय. चोरी वाईट तर दोघांची वाईट. मग माझा हात एकीकडे पटकन का चालला?

गुरुजींशी बोलू का? आणि माणूस चोरी करतो तरी का? तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

गवतीचहा (सोमवार, रात्री १०:३१)

नियम एकच हवा. फुटेज दाखवा, पैसे मागा, विषय संपवा. वय झालं म्हणून दुकान लुटायचा परवाना मिळत नाही.

रानमेवा (सोमवार, रात्री १०:५०)

अहो गवतीचहा, ९ बाटल्यांना लूट म्हणालात तर आमच्या अख्ख्या पिढीला आत टाकावं लागेल. आमच्या गावात कैऱ्या विकत घेऊन खाल्लेला एकही माणूस दाखवा! दगड मारणारा एक, पोत्यात भरणारा एक आणि म्हातारीला "आजी, पाणी द्या" म्हणून पुढच्या दाराला गुंतवणारा एक. तो तिसरा मी. त्या आजी शेवटी म्हणायच्या, "पाणी पिऊन झालं असंल तर मीठ-तिखटपण न्या."

बाकी समईताई, चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. गुरुजी बाटली उचलताना इकडे तिकडे बघतात का? ते बघा आधी.

काटकोन (सोमवार, रात्री ११:२०)

तालुका कोर्टात वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूनं जागची हलवली की चोरी पुरी झाली. दुकानाबाहेर जायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ मध्ये साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यात एक नवी सवलत आली. माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्यानं माल किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे गुरुजींवर कधी खटला झालाच तर ते तिथे बसतील.

तुमचा तो मुलगा मात्र कलम ३०६ मध्ये जातो. नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत. ती सवलत या कलमात लिहिलेली नाही. हे आजचं नाही. १८६० च्या दंड संहितेत हेच ३७९ आणि ३८१ होतं. तर तुमचा हात एकीकडे पटकन चालला असं तुम्हाला वाटतंय, तो कायद्याचाही दीडशे वर्षांपासून तसाच चालतोय. त्यामागचं कारण विश्वासघात. ज्याच्या हाती किल्ली दिली त्यानं घात केला तर गुन्हा मोठा, असा तो विचार.

मला स्वतःला हे कलम वाचताना नेहमी खटकतं. मालकानं नोकराचा पगार बुडवला तर विश्वासघात नाही का? त्याला सात वर्षं कुठे आहेत?

जाता जाता एक विचारतो. त्या मुलाला काढलंत तेव्हा महिन्याचा कितवा दिवस होता? त्याचा हिशेब केलात ना?

मोटेवरचा (मंगळवार, सकाळी ६:०५)

सगळं वाचलं. चोराचं मन समजून घ्यायची भाषा चाललीय, म्हणून शेतकऱ्याचं पण ऐका.

मागच्या माघात आमच्या विहिरीवरची केबल गेली. शंभर-सव्वाशे फूट. आमच्याकडे शेतीची लाइट आठवड्याआड रात्रीची असते. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन गेलो, स्टार्टरचं बटण दाबलं, काहीच नाही. बॅटरी मारली तर पेटीतून दोन बोटं केबल लोंबतेय, करवतीनं कापल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या कडेला जळालेल्या प्लॅस्टिकचा काळा गोळा सापडला. वरचं जाळायचं, आतलं तांबं काढायचं आणि भंगारात किलोवर घालायचं. त्यांना किती मिळाले असतील, दोन-तीन हजार? माझा गहू ओंब्यात आला होता, पाण्याची एक पाळी चुकली. ते कोण भरून देणार?

तक्रार द्यायला गेलो तर "तुमचा कोणावर संशय आहे का" एवढंच विचारलं. २०२३ च्या जुलैत टोमॅटोला शंभराच्या वर भाव गेला तेव्हा माणसं रानात खाटा टाकून झोपत होती. शेतकऱ्याचा माल उघड्यावर असतो. त्याला कुलूप नाही, कॅमेरा नाही. उपाशी माणसानं कणीस मोडून खाल्लं तर माझ्या बापानं कधी हाक मारली नाही. पण केबल कोण खातं का?

इझारकाठ (मंगळवार, सकाळी ११:४०)

म्युनिकहून लिहितेय. मोटेवरचा दादा, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. भुकेच्या चोरीत आणि तुमच्याकडच्या चोरीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक करायला कोर्टांनाही जमतो किंवा जमत नाही, याची दोन उदाहरणं देते.

इटलीत जिनोव्हाला एका बेघर माणसानं सुपरमार्केटमधून चीज आणि सॉसेज उचललं. किंमत चार युरोंच्या आसपास. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि २०१६ साली निकाल लागला की तातडीची भूक भागवायला थोडंसं अन्न घेणं हा गुन्हा नाही. इकडे बव्हेरियात दोन विद्यार्थिनींनी दुकानाच्या कुलूपबंद कचरापेटीतून फेकून दिलेलं अन्न काढलं. त्यांना मात्र चोरीसाठी दोषी धरलं, आणि २०२० साली जर्मनीच्या घटना न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. त्यांचा मुद्दा असा की टाकून दिलेली असली तरी वस्तू दुकानाची.

मी इथे आठ वर्षं आहे, आणि रात्री दुकानामागून जाताना त्या पेट्यांकडे बघून पोटात कालवतं. लहानपणी ताटात भात टाकला तर आजी पानावरून उठू द्यायची नाही. त्या मुलींना मी तरी चोर म्हणू शकत नाही.

बोरूचीटाक (मंगळवार, दुपारी १:१५)

हे दोन्ही निकाल महाभारतात आधीच लागलेत! शांतिपर्वात बारा वर्षांचा दुष्काळ पडतो. भुकेनं व्याकूळ झालेले विश्वामित्र चांडाळाच्या घरात रात्री शिरतात आणि कुत्र्याची तंगडी चोरायला बघतात. घरमालक जागा होतो. पुढे जो वाद होतो त्यात चांडाळ ऋषींना धर्म सांगतो, असलं खाऊ नका म्हणतो, आणि विश्वामित्र म्हणतात, आधी जगायचं, जगलो तर धर्म करता येईल.

त्याच पर्वात शंख आणि लिखित हे भाऊ आहेत. लिखित भावाच्या आश्रमात येतो. शंख घरी नसतो. लिखित झाडाची फळं तोडून खातो. शंख येतो आणि म्हणतो, तू चोरी केलीस, राजाकडे जा आणि दंड माग. राजा सुद्युम्न त्याला सोडून द्यायला तयार असतो. लिखितच हट्ट धरतो. हात तोडले जातात. मग शंख त्याला बाहुदा नदीवर तर्पण करायला सांगतो आणि हात परत येतात.

मला यातला दंड आज पटत नाही, उघडच आहे. पण भावाचंच फळ आणि तरी विचारायला हवं होतं, हे त्यातलं म्हणणं मला पटतं. "न विचारता" हीच चोरीची मेख आहे. समईताई, गुरुजींनी "एक बाटली नेतो गं" म्हटलं असतं तर तुम्ही पैसे घेतले असते का? नसतेच घेतले. मग चोरीला गेलं ते काय?

समई (मंगळवार, दुपारी ३:०२)

बोरूचीटाक, तुमचा शेवटचा प्रश्न डोक्यात घोळतोय. खरंच नसते घेतले.

रानमेवा, आज जुनं फुटेज परत पाहिलं. गुरुजी इकडे तिकडे बघत नाहीत. अगदी आपल्या घरच्या फडताळातून घ्यावी तशी उचलतात. पोरानं मात्र दोनदा मागे वळून पाहिलं होतं.

काटकोन, तुम्ही हिशेबाचं विचारलंत. महिन्याची ११ तारीख होती. ९,००० पगार. हिशेब केला नाही. खरं सांगते, माझ्या डोक्यातच आलं नाही.

काटकोन (मंगळवार, दुपारी ३:२०)

११ दिवसांचे ३,३०० झाले. त्यानं ५०० घेतले. उरलेले २,८०० दीड महिना तुमच्या गल्ल्यात आहेत.

गवतीचहा (मंगळवार, दुपारी ३:२४)

बाप रे.

पालावरचा (मंगळवार, संध्याकाळी ७:४८)

मी या धाग्यावर लिहावं की नाही, कालपासून विचार करत होतो.

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मले. तिथल्या जुन्या माणसांना हा शब्द माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्मलेलं पोर जन्मतःच चोर, असं सरकारी कागदावर लिहिलं. तारेचं कुंपण, दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. आजोबा गिरणीत कामाला जायचे आणि सुटल्यावर धावत यायचे, हजेरी चुकायला नको म्हणून. देश १९४७ ला सुटला. आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं १६ दिवसांनी. तो आमचा विमुक्त दिन.

कुंपण गेलं, कागद गेला, पण नजर? मी सातवीत वसतिगृहात होतो. एका मुलाचं घड्याळ हरवलं. पन्नास मुलांत पहिली ट्रंक माझी उघडली. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, दोन शर्ट, एक अंकलिपी, सगळं फरशीवर ओतलं. घड्याळ दुपारी न्हाणीघराच्या खिडकीत सापडलं. कोणी सॉरी म्हटलं नाही. चटणी मीच गोळा केली.

आमच्यात चोरी करणारे कोणीच नव्हते असं मी म्हणणार नाही. ज्याला कोणी कामच देत नाही, गावात थांबू देत नाही, त्याच्यापुढे काय उरतं ते तुम्हीच बघा. पण समईताई, तुम्ही विचारलंत ना, हात एकीकडे पटकन का चालला? गुरुजींनी बाटली उचलली तेव्हा तुम्ही ९ आठवडे कारण शोधलंत. पोरानं नोट काढली तेव्हा एकदा तरी विचारलंत का, कशाला घेतली?

समई (मंगळवार, रात्री ९:३०)

नाही विचारलं.

जायफळ (मंगळवार, रात्री ९:५५)

पालावरचा, ती चटणी विसरता येणार नाही मला.

मी रत्नागिरीकडची, सध्या फोंड्याला. आमच्याकडे कलमांच्या बागेत हंगामात नेपाळी राखणे ठेवतात, आणि त्याच्याही वर एक राखणदार असतो, देवचार. त्याच्या हद्दीतला नारळ उचलला तर पोट दुखतं, वाट चुकते, अशी माझ्या आईची ठाम समजूत. लहानपणी एकदा आंबा उचलला आणि रात्रभर पोट दुखलं. आता कळतं, ते हिरव्या आंब्यानं दुखलं. पण पुन्हा उचलला नाही हेही खरं.

शनिशिंगणापूरला घरांना दारं नाहीत, तिथे एका बँकेनं २०११ मध्ये कुलूप न दिसणाऱ्या दाराची शाखा उघडली, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे चोऱ्या अजिबात झाल्या नाहीत असं नाही, बातम्या आल्यात. पण भीती कोणाची हे मोठं आहे. पोलिसांची भीती आसपास पोलीस नसला की संपते.

भैरवी (बुधवार, सकाळी ८:१०)

समईताई, गुरुजींबद्दल कळकळीनं लिहिते. कृपया त्यांना चारचौघांत काही बोलू नका.

माझे बाबा ६१ वर्षांचे होते. अतिशय काटेकोर माणूस. उरलेले चाळीस पैसे परत द्यायला कंडक्टरमागे गेलेले आम्ही पाहिलंय. ते अचानक दुसऱ्यांच्या ताटातलं उचलून खायला लागले. लग्नात शेजारच्या बाईच्या पिशवीतला नारळ काढून घेतला. दुकानातून चॉकलेटं खिशात. आई लाजेनं अर्धी झाली. एका दुकानात दोन पोरांनी त्यांची कॉलर धरली. बाबा नुसते हसत होते. आम्हाला वाटायचं, स्मरणशक्ती चांगली आहे, हिशेब नीट करतात, मग मुद्दामच करत असणार. दीड वर्षानं न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं, मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया. यात सुरुवातीला स्मृती शाबूत राहू शकते. जातो तो आतला लगाम. हे दुसऱ्याचं आहे, हे विचारून घ्यायचं असतं, हे थांबवणारं जे काही असतं ते झिजतं.

गुरुजींना तेच आहे असं मी म्हणत नाही. क्लेप्टोमेनिया नावाचा वेगळा आजारही असतो, त्यात माणसाला गरज नसताना उचलायची अनावर ओढ लागते आणि नंतर तो आतून जळत राहतो. काहीच आजार नसेल, एकटेपणही असेल. पण तुम्हीच लिहिलंत, ते इकडे तिकडे बघत नाहीत. तेवढ्यावरून मला धस्स झालं. त्यांच्या मुलीशी बोला. आम्हाला कोणी दीड वर्ष आधी सांगितलं असतं तर बाबांची कॉलर वाचली असती.

तागडी (बुधवार, सकाळी १०:३०)

भैरवीताईंशी शंभर टक्के सहमत. माझं ३० वर्षांचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं अशी होती. घरच्यांना बाजूला बोलावून सांगितलं, वहीत वेगळं पान काढलं, जे उचललं ते लिहायचं आणि महिनाअखेर मुलगा येऊन भरून जायचा. म्हाताऱ्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण नोकराच्या बाबतीत मी समईताईंच्या बाजूनं आहे. पाचशेवर सोडलं की दुसऱ्या वेळी दोन हजार जातात. हे मी सोसलंय, पुस्तकात वाचलेलं नाही. दुकानात एकच गोष्ट विकत आणता येत नाही, भरवसा. गल्ल्यावर बसवलेल्या माणसाकडे पाठ करून गोदामात जाता आलं पाहिजे. पगार ठेवून घेतला ते चुकलंच, तो आजच देऊन टाका.

मोटेवरचा (बुधवार, सकाळी ११:०५)

तागडी, दुकानदारांचं पण बोला की. आमच्या आडतीत काट्यावर पोत्यामागं किलो-दीड किलो मारतात. पोरांनी गल्ल्यात हात घातला तर चोरी आणि काट्याला बोट लावलं तर धंदा?

तागडी (बुधवार, सकाळी ११:४०)

ते माप मारणं, आणि ती चोरीच. वैधमापनवाले वजनांवर शिक्का मारून जातात, हातावर थोडाच मारतात. माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तागडी गिऱ्हाइकाकडं झुकू दे. मी पाळलंय. सगळे पाळत नाहीत, हे मान्य.

ताम्हण (बुधवार, रात्री ११:५०)

नाव लपवून लिहितेय, समजून घ्या.

माझी आई चार घरी धुणीभांडी करायची. तिघं भावंडं आम्ही. संध्याकाळी आई आली की तिच्या पदराला गाठ असायची. गाठीत मूठ-दोन मुठी तूरडाळ. कधी साखर, कधी चार बटाटे ओच्यात. विचारलं की म्हणायची, "बाईंनी दिली."

मी आठ-नऊ वर्षांची असताना मला कळलं. कसं, ते सांगते. दिवाळीत बाईंनी खरोखर फराळ दिला होता. तो पिशवीत आला. वर्तमानपत्रात बांधलेला, दोरा लावलेला. दिलेलं पिशवीत येतं. गाठीत येतं ते दिलेलं नसतं.

मी आईला कधी बोलले नाही. डाळ खाल्ली, अभ्यास केला. आज मी बँकेत अधिकारी आहे, रोज लाखोंची रोकड माझ्या सहीनं हलते. कॅश मोजताना एक रुपया जास्त आला तरी मी घामाघूम होते. सहकारी हसतात. त्यांना गाठ माहीत नाही.

आई चोर होती का? इतकी वर्षं मला उत्तर देता आलेलं नाही. एवढं सांगू शकते, तिनं कधी पैशाला, दागिन्याला हात लावला नाही. बाईंची सोन्याची कुडी कचऱ्यात सापडली ती तिनं नेऊन दिली. तिचं तिनं काहीतरी ठरवलेलं होतं, काय घ्यायचं आणि काय नाही.

रानमेवा (गुरुवार, सकाळी ७:००)

ताम्हण, ताई, आज यापुढे थट्टा करणार नाही. आईंना नमस्कार सांगा.

बोरूचीटाक (गुरुवार, सकाळी ९:२५)

ताम्हण, तुमचं वाचून मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवले. दुष्काळ पडला, माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं उघडली. धान्य त्यांचं नव्हतं. परवानगी नव्हती. बिदरहून बोलावणं आलं ते गुन्हेगार म्हणूनच. कथेत पुढे विठू महार होऊन प्रत्यक्ष पांडुरंग बादशहाकडे जातो आणि धान्याची किंमत भरतो. आपण दामाजींना संत म्हणतो. पण कथा रचणाऱ्यांनाही हिशेब पुरा करावासा वाटला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देवाला पाठवून का होईना, पैसे भरले.

गवतीचहा (गुरुवार, सकाळी ९:५०)

मी पहिल्या दिवशी "नियम एकच हवा" लिहिलं होतं. अजूनही नियम एकच हवा असं वाटतं, पण तो नियम "आधी विचारा" असा असावा.

समईताई, आज गुरुवार आहे.

समई (रविवार, रात्री ९:१५)

चार दिवस लिहायला जमलं नाही. झालं ते सांगते.

बुधवारी रात्रीच गुरुजींच्या मुलीला फोन केला. मला वाटलं होतं रागावेल. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, आईला डोक्याला तेल लावून द्यायचे ते. रोज. आई गेल्या वर्षी गेली. न्हाणीघरातल्या फळीवर बाटल्यांची रांग लागलीय, तिनं पाहिली होती, पण विकत आणतात असं तिला वाटलं. एकही फोडलेली नाही. भैरवीताई, मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्यात पुण्याला नेणार आहे. काय निघतं ते डॉक्टर सांगतील. तागडीदादांनी सांगितलं तसं वहीत पान काढलं. गुरुवारी गुरुजी आले, बाटली घेतली, मी लिहिली.

आणि शुक्रवारी दुपारी दुकान मिस्टरांवर सोडून त्या मुलाच्या घरी गेले. २,८०० एका पाकिटात. घर वस्तीच्या टोकाला आहे, दीड वर्षात एकदाही गेले नव्हते. तो अंगणात होता, मला बघून उठून उभा राहिला. मी विचारलं, पालावरचा दादांनी सांगितलं तसं. कशाला घेतलेस रे?

मनात मी औषधपाण्याचं काहीतरी धरून गेले होते. तसं काही नव्हतं. गावची यात्रा होती. मित्र वर्गणी काढत होते मटणाला. "सगळे काढत होते, माझ्याकडं नव्हते. पगाराला वीस दिवस होते." एवढंच. मी म्हटलं, मागायचे. तर म्हणाला, "मागच्या महिन्यात उचल मागितली होती, तुम्ही बघू म्हणालात."

म्हणाले असेन. मला आठवतही नाही.

त्याच्या आईनं पाकीट घेतलं, नोटा मोजल्या, "बरोबर हाय" म्हणाली आणि आत गेली. चहा विचारला नाही. गावाकडच्यांना कळेल याचा अर्थ. दारातनं कोणी चहा न विचारता परत पाठवायची माझ्यावर पहिलीच वेळ, आणि मला ते बरोबरच वाटलं.

पालावरचा (रविवार, रात्री ९:४०)

गेलात हे फार मोठं केलंत. परत कामावर ठेवणार?

समई (रविवार, रात्री ९:५५)

विचारलं. नको म्हणाला. काल दुसऱ्या एका दुकानदाराचा फोन आला, मुलगा कसा आहे विचारत होते. मी सांगितलं, सकाळी वेळेवर येतो, हिशेबाला पक्का आहे, गिऱ्हाइकाशी नीट बोलतो. हे सगळं खरं आहे. पाचशेचं सांगितलं नाही.

तागडी (रविवार, रात्री १०:१०)

समईताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे मी असहमत. त्या दुकानदाराच्या जागी मी असतो तर मला ते कळायला हवं होतं.

ताम्हण (रविवार, रात्री १०:१२)

मी त्या मुलाची आई असते तर कळायला नको होतं.